गोदूताईंचं स्मारक झरीतच करा, आणि तिथं मजुरीचा दर लिहा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

वारली आदिवासींच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्यातल्या कॉम्रेड गोदावरी उर्फ गोदूताई परुळेकर यांचं सरकारी स्मारक व्हावं एवढंच मागायचं असतं, तर अर्ज मंत्रालयाच्या टपाल खिडकीवर देऊन पोच घेतली असती. खुलं पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. स्मारक मंजूर झालं की पुढं काय होतं, हे आम्ही बघत आलो आहोत. हायवेलगतची जागा, पूर्णाकृती पुतळा, कारंजं, त्यापेक्षा मोठी कोनशिला. वर्षभरात कारंजं बंद. गोदूताईंच्या बाबतीत हे होऊ नये.

पहिली गोष्ट जागेची. स्मारक तलासरी तालुक्यातल्या झरी गावातच हवं. २३ मे १९४५ रोजी तिथं पाचेक हजार वारली जमले आणि वेठ करायची नाही, म्हणजे जमीनदाराकडं फुकट राबायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. आज हे वाक्य साधं वाटतं. तेव्हा लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलले, की नवरा-बायको दोघंही जन्मभर त्याच्या दावणीला. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. रोजाला बारा आणे रोख मागणं म्हणजे त्या काळी बंडच होतं.

दुसरी गोष्ट पुतळ्याची. एकट्या गोदूताईंचा पुतळा उभा केलात तर पुण्याच्या गोखल्यांच्या घरातली शिकलेली मुलगी आली आणि तिनं आदिवासींना जागं केलं, एवढीच गोष्ट उरेल. ती अर्धीच आहे. त्या कायद्याच्या पदवीधर होत्या, भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य होत्या, हे खरंच. पण जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची, म्हणजे लाल बावट्याच्या शेतकरी संघटनेची परिषद भरली, तेव्हा उंबरगाव भागातून माह्या धांगडा हा वारली आपली माणसं घेऊन स्वतः तिथं पोचला होता. बोलावणं जंगलातून आलं, मग गोदूताई आणि त्यांचे पती शामराव परुळेकर तिथं गेले. माह्या धांगडाला त्या स्मारकात जागा नसेल, तर गोदूताईंनाही तिथं अवघडल्यासारखं होईल.

तलवाड्याच्या गोळीबाराचंही तसंच. ऑक्टोबर १९४५ मध्ये गवतकापणीचा संप चालू होता. गोदूताईंच्या जिवाला धोका आहे, अशी आवई जमीनदारांच्या माणसांनी उठवली. त्यांना वाचवायला हजारो वारली रात्रीच जमले आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच जण मेले, त्यांत जेठ्या गांगड होता. भिंतीवर पाचही नावं पाहिजेत, आणि गोदूताईंच्या नावाच्याच आकारात.

हा संप कशासाठी होता? पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळावेत म्हणून. मुंबईतल्या गोठ्यांना हे गवत जायचं. तेव्हा काचेच्या पेटीत त्यांचा चष्मा आणि पेन ठेवण्याआधी तिथं एक तराजू, एक विळा आणि पाचशे पौंड सुकं गवत रचून ठेवा. सव्वादोनशे किलोंहून जास्त भरतं ते. शाळेची सहल आली की पोरांनी त्यातला एक भारा डोक्यावर घेऊन बघावा. माहितीफलक वाचून जे कळत नाही, ते मानेला कळेल.

एक अडचणीचं बोलतो. आपल्याकडं स्मारकात शिरताना माणसाचा पक्ष चपलेसारखा बाहेर काढून ठेवायची पद्धत आहे. गोदूताई कम्युनिस्ट होत्या. १९८६ साली अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या त्या लाल बावट्याखालीच. शामराव १९६५ साली स्थानबद्धतेत, तुरुंगातच वारले. राज्य तेव्हा इंग्रजांचं नव्हतं, आपलंच होतं. फलकावर हे वाक्य लिहायची हिंमत सरकार दाखवेल का, एवढाच माझा प्रश्न आहे. ‘थोर समाजसेविका’ लिहून मोकळं व्हायचं असेल तर स्मारक नकोच.

तसं त्यांचं एक चांगलं स्मारक या राज्यात आहे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला गोदूताईंचं नाव आहे. पत्ता सांगताना हजारो बायका ते नाव रोज घेतात. स्मारक असं वापरात पाहिजे.

म्हणून शेवटची मागणी, आणि माझ्या दृष्टीनं हीच मुख्य. झरीच्या स्मारकाच्या दर्शनी भिंतीवर एक काळा फळा लावा. त्यावर शेतमजुराचं सरकारनं ठरवलेलं त्या दिवशीचं किमान वेतन खडूनं लिहिलेलं असावं, मराठीत आणि वारलीत. दर बदलला की आठ दिवसांच्या आत फळ्यावरचा आकडा बदलायचा, ही जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर द्या. खाली तक्रार कुठं करायची तो फोन नंबर.

हे सुचलं ते आमच्याकडच्या मजूर नाक्यावर. सकाळी सातला बायका पिशवीत भाकर आणि विळा घेऊन उभ्या असतात. टेम्पो येतो, मुकादम बोटांनी मोजतो, “सहा जणी चला.” एकीनं विचारलं, “आज किती देणार?” तो म्हणाला, “बघू संध्याकाळी.” सहाही जणी चढल्या.

त्या संध्याकाळी त्यांना किती मिळाले, मला माहीत नाही. किती मिळायला हवे होते ते त्यांनाही माहीत नव्हतं. फळा त्यासाठी हवा.

येत्या २३ मेच्या आत निदान जागेची पाहणी व्हावी. पाहणीला येताना गाड्यांचा ताफा आणू नका, झरीत तेवढी सावली नाही.

आपला,
पालघर जिल्ह्यातील एक नागरिक