कोणते कोलंबस?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आमच्या मजल्यावरील एका शेजारीणबाईंचा मुलगा गेली दोन वर्षे अमेरिकेत कोलंबस येथे शिकतो आहे. मागच्या महिन्यात एके सकाळी घरातली आवराआवर झाल्यावर त्या वर्तमानपत्र चाळायला बसल्या आणि आतल्या पानावरची चार ओळींची बातमी त्यांच्या नजरेस पडली. कोलंबस येथे विद्यार्थी राहत असलेल्या इमारतीला आग लागून काही जण जखमी झाल्याचे तीत म्हटले होते. त्यांनी लगेच फोन लावला, पण तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असल्याने तो कोणी उचलला नाही. त्या दिवशी त्यांच्या घरी ताट वाढलेले तसेच राहिले. संध्याकाळी पाचच्या सुमारास मुलाचा फोन आला, तेव्हा कळले की आग लागली ती जॉर्जिया राज्यातील कोलंबसमध्ये आणि मुलगा राहतो तो ओहायो राज्यातील कोलंबसमध्ये. आपण मुंबईहून रेल्वेने नागपूरला जातो, साधारण तेवढे अंतर या दोन शहरांत आहे. बातमी कोणत्या दैनिकातील होती हे मी सांगत नाही, कारण राज्याचे नाव गाळण्याची सवय एकट्या त्या दैनिकाची नाही. या सवयीमागे एक समजूत आहे. अमेरिकेतले शहर म्हटले की ते वाचकाला ठाऊक असणारच, असे बातमी लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असते. ते गृहीत कितपत खरे आहे, याविषयी हे पत्र आहे.

मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर लालबागमधील एका वाचनालयात सुट्टीच्या दिवसांत मुलांचा वर्ग घेतो. शेजारीणबाईंचा तो दिवस पाहिल्यावर मी पुढच्या रविवारी मुलांना अमेरिकेचा कोरा नकाशा दिला आणि ठाऊक असतील तेवढी शहरे त्यावर लिहायला सांगितले. न्यूयॉर्क सगळ्यांनी लिहिले. वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को बहुतेकांनी लिहिले, लास वेगास आणि मायामी चित्रपटांमुळे व खेळांमुळे अनेकांच्या ओठावर होते. शिकागो मोठ्या मुलांनी लिहिले. फिलाडेल्फिया, फिनिक्स, सॅन अँटोनियो, जॅक्सनव्हिल आणि कोलंबस यांपैकी एकही नाव एकाही नकाशावर नव्हते. एका मुलीने मात्र पूर्व किनाऱ्यावर अगदी नेमक्या जागी ‘न्यूजर्सी’ असा ठळक ठिपका काढला होता. तिची मावशी तिथे राहते. न्यूजर्सी हे शहर नसून राज्य आहे, हे तिला त्या दिवशी प्रथमच कळले, आणि त्यात तिचा काहीच दोष नाही, कारण आपल्या घरांत ‘मावशी न्यूजर्सीला असते’ हे ‘मावशी नाशिकला असते’ याच सुरात म्हटले जाते.

आता या नकाशांशेजारी अमेरिकेची २०२०ची जनगणना ठेवून पाहावी. न्यूयॉर्क ८८ लाख, लॉस एंजेलिस सुमारे ३९ लाख, शिकागो सुमारे साडेसत्तावीस लाख आणि ह्यूस्टन २३ लाख, असा पहिल्या चारांचा क्रम आहे. पाचव्या क्रमांकावर फिनिक्स आणि सहाव्या क्रमांकावर फिलाडेल्फिया आहे. दोन्ही १६ लाखांच्या घरातली असून त्यांच्यात जेमतेम चार-पाच हजारांचा फरक आहे. सातवे सॅन अँटोनियो. आपल्या मुलांच्या तोंडी असलेले सॅन फ्रान्सिस्को पावणेनऊ लाखांचे आहे, म्हणजे ज्या कोलंबसचे नाव कोणाला आठवले नाही त्या ओहायोच्या राजधानीहून लहान आहे. वॉशिंग्टन सात लाखांच्याही आतले आहे. मायामी तर साडेचार लाखांच्या आत येते आणि त्याच फ्लोरिडा राज्यातले जॅक्सनव्हिल त्याच्या दुपटीहून मोठे, साडेनऊ लाखांचे आहे. लोकसंख्या आणि प्रसिद्धी यांची सांगड पहिल्या तीन-चार शहरांपुरती बसते, त्यापुढे ती पार सुटते.

येथे एक खुलासा करणे आवश्यक वाटते, कारण या आकड्यांवरून मायामी लहान गाव आहे असा समज झाला तर तोही चुकीचाच ठरेल. अमेरिकेत शहराची लोकसंख्या म्हणजे महापालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या, आणि ही हद्द कुठे आखली गेली यावर सारे अवलंबून असते. जॅक्सनव्हिलने १९६८ साली आपला कारभार भोवतालच्या ड्युव्हल काउंटीशी, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याशी, एकत्र केला आणि त्यामुळे ते एका दिवसात अवाढव्य झाले. मायामीची हद्द मात्र चिमुकली राहिली, जरी तिच्याभोवती एकमेकांना चिकटून वसलेल्या नगरांसह तो सगळा पट्टा साठ लाखांवर जातो. मुंबईकराला हे समजावून सांगावे लागू नये. आपल्या महापालिकेची हद्द १९५० आणि १९५७ साली वाढली, म्हणून मुलुंड आणि दहिसर आज मुंबईत मोजले जातात, आणि ठाण्याच्या स्थानकावर उतरणारा माणूस मुंबईच्या त्याच लोकलने आलेला असूनही कागदोपत्री दुसऱ्या शहरात उतरतो. म्हणून बातमीत अमेरिकेतील शहराची लोकसंख्या देताना ती हद्दीतील आहे की महानगराची, हे एका शब्दाने सांगितले तर वाचकाचे भले होईल.

मात्र शहरांची ओळख आपल्याकडे केवळ चित्रपटांतून आलेली नाही. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला हे विशेष जाणवते. आमच्या चाळीतल्या एक आजी, ज्यांचे यजमान गिरणीत साचेवाले होते, त्यांना अमेरिकेतले एकच शहर ठाऊक होते आणि त्याचे नाव त्या ‘न्यूयॉर्क कॉटन’ असे जोडूनच घेत. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईत येई, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्या भावावर या गिरणगावात आकडा लागत असे. त्यापायी अनेक पगार घरी पोहोचत नसत, हे आजी विसरल्या नव्हत्या. कापसाचे हे नाते त्याहूनही जुने आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे अडवली गेली, न्यू ऑर्लिन्सचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवले. त्या चार वर्षांत या शहरात जो पैसा आला आणि १८६५ साली युद्ध संपताच जो बुडाला, त्याच्या खुणा आजही फोर्टमध्ये उभ्या आहेत.

न्यूयॉर्कची आमच्या भागातली दुसरी ओळख याहून फार मोठी आहे. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली तेथून एम. ए. झाले. ते ज्या परळच्या बीआयटी चाळीत राहत असत, तिथल्या माणसाला ते विद्यापीठ परके वाटत नाही. शिकागोचेही तसेच आहे. स्वामी विवेकानंद ३१ मे १८९३ रोजी मुंबईच्याच बंदरातून निघाले आणि ११ सप्टेंबरला शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत बोलले, हे शाळेत प्रत्येकाने वाचलेले असते. पण गिरणी कामगाराच्या घरात शिकागो पोहोचले ते आठ तासांच्या दिवसाच्या मागणीमुळे. मे १८८६मध्ये त्या शहरात झालेला संप आणि हेमार्केट चौकातील रक्तपात यांच्या स्मरणार्थ १ मे हा कामगार दिन झाला. पुढे तीच तारीख महाराष्ट्र दिनाची ठरल्याने आपल्याकडे हुतात्मा चौकात वाहिल्या जाणाऱ्या फुलांमागे शिकागोची आठवणही असते.

आणि फिलाडेल्फिया? या शहराला आम्ही विसरलो याचे मला मनापासून दुःख होते. ४ जुलै १७७६ रोजी अमेरिकेचे स्वातंत्र्य जिथे जाहीर झाले, १७८७ साली जिथे तिची राज्यघटना लिहिली गेली आणि १७९० ते १८०० अशी दहा वर्षे जे त्या देशाची राजधानी होते, ते हे शहर. एवढे इतिहासाच्या पुस्तकात सापडते. परंतु मराठी वाचकाने ते ओळखावे याचे कारण वेगळे आहे. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी याच शहरातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, आणि त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. हे मी मुलांना सांगितले तेव्हा ‘न्यूजर्सी’ लिहिणारी ती मुलगी माझ्या टेबलाजवळ आली. अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर आनंदीबाई पहिल्यांदा राहिल्या ते रोझेल हे गाव न्यूजर्सीतच आहे, हे मी तिला दाखवले. तिने आपला मोठा ठिपका खोडरबराने पुसला, त्या जागी राज्याची सीमारेषा काढली आणि आत एक छोटा ठिपका देऊन शेजारी बारीक अक्षरांत ‘रोझेल’ असे लिहिले. आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा मात्र न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी या गावी, रोझेलला त्या ज्यांच्याकडे राहिल्या त्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत पुरलेली आहे.

मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाईंची पदवी, मे महिन्यात शिकागोत कामगारांचा संप आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे लोकार्पण, या तिन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत. त्यांतली पुतळ्याची गोष्ट जगाला चित्रासकट ठाऊक आहे आणि संपाची तारीख निदान सुट्टीमुळे ठाऊक आहे. जी सर्वांत आपली होती, ती ज्या शहरात घडली त्याचे नाव आमच्या मुलांना आठवत नाही.

यात वर्तमानपत्रांना बरेच काही करता येईल, कारण शहरे घराघरांत पोहोचतात ती बातम्यांतूनच. लॉस एंजेलिसचेच पाहा. तिथे २०२८ साली ऑलिंपिक होणार आहे आणि त्यात क्रिकेट असावे हा निर्णय ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतच भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला. पुढील काळात त्या शहराविषयी जे छापून येईल त्यात हा धागा एका वाक्यात आला, तर मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या मुलांना ते शहर अधिक जवळचे वाटेल. सॅन होजे येथे २००९ साली पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन झाले होते. ते शहर सॅन फ्रान्सिस्कोहून मोठे आहे, आणि तरीही आपल्याकडे ते आज एका नावाने व उद्या दुसऱ्या नावाने छापले जाते.

माझी विनंती अगदी साधी आहे. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस यांसारखी चार-सहा नावे सोडल्यास अमेरिकेतील कोणत्याही शहराचा पहिला उल्लेख राज्याच्या नावासह करावा, कारण कोलंबस, स्प्रिंगफील्ड, पोर्टलँड, आर्लिंग्टन ही नावे त्या देशात एकाहून अधिक राज्यांत आहेत, आणि कॅन्सस सिटी नावाचे मोठे शहर तर कॅन्ससमध्ये नसून मिसुरी राज्यात आहे. वॉशिंग्टनच्या बाबतीत राजधानी की राज्य हे स्पष्ट लिहावे. माझ्या वर्गातील एका मुलाने वॉशिंग्टन पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, सिअ‍ॅटलच्या जागी दाखवले, तेव्हा इतर मुले हसली, पण राज्य म्हणून पाहिल्यास त्याचे उत्तर बरोबर होते आणि हसणाऱ्यांपैकी कोणाला ते ठाऊक नव्हते. आग, वादळ, गोळीबार, अपघात अशा बातम्यांत तर राज्याचे नाव मथळ्यातच यावे. आज मुंबईतल्या कित्येक इमारतींत एखाद्या तरी घरातले मूल तिकडे आहे आणि त्यातली बरीच मुले न्यूयॉर्कमध्ये नसून अशाच कमी परिचित शहरांत आहेत.

नावांच्या लेखनाचेही एकदा ठरवून टाकावे. ह्यूस्टन आणि हॉस्टन, सॅन होजे आणि सॅन जोस, लॉस एंजेलिस आणि लॉस एंजल्स अशी दोन-दोन रूपे एकाच अंकाच्या दोन पानांवर मी पाहिली आहेत. स्पॅनिश नावांतील ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘ह’सारखा होतो, हे ध्यानात घेतले तर निम्मा गोंधळ मिटेल.

या कामी उपयोग व्हावा म्हणून मी अमेरिकेतील साठ शहरांची एक यादी हाताने तयार केली आहे. प्रत्येक नावापुढे राज्य, २०२०ची हद्दीतील लोकसंख्या आणि तिकडे राहणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थ्यांकडून फोनवर ऐकून घेतलेला उच्चार देवनागरीत लिहिला आहे. आपली अनुमती असल्यास तिची स्वच्छ प्रत मी येत्या आठवड्यात कार्यालयात आणून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
लालबाग, मुंबई