विषय: प्रोग्राममधून दिलेली सेटिंग न तपासता कूलरवर लागू होण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या दूध संस्थेच्या बल्क कूलरवर (दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाकीवर) तुमचा कंट्रोलर आणि त्याची लायब्ररी (आमच्या प्रोग्रामने वापरायचा तुमचा तयार कोड) चालते. संकलन झालं की दूध ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून तिथंच राखायचं, एवढंच त्याचं काम. मागच्या आठवड्यात त्याने दूध शून्याच्या खाली नेलं. टाकीच्या तळाला बर्फ धरला आणि टँकरने दूध नाकारलं. अलार्म वाजलाच नाही.

संस्थेचा ऑपरेटर मोबाइलवर मराठी कीबोर्डने तापमान टाकतो आणि आमचा प्रोग्राम ते तुमच्या लायब्ररीतल्या सेट फंक्शनला, म्हणजे सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेला देतो. तुमच्या स्क्रीनवर देवनागरीत ‘४.०’ टाकलं तर ते इंग्रजी अंकांत बदलून घेतलं जातं, मर्यादेबाहेरचा आकडा लाल होतो. सेट फंक्शनलाही हेच नियम लागू आहेत, असं तुमच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्षात फंक्शनने ती अक्षरं जशीच्या तशी साठवली आणि ‘यशस्वी’ असं उत्तर दिलं. परत वाचून पाहिलं तरी ‘४.०’च दिसत होतं. तुमचं फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या आतला प्रोग्राम, सी भाषेतलं. तिथल्या एटॉफ या मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला देवनागरी अंक कळत नाहीत, ते शून्य देऊन मोकळं होतं. आमच्या चाचण्या पायथन भाषेत आहेत; तिथलं तेच काम करणारं फ्लोट हेच अंक बिनचूक वाचतं, म्हणून त्या पास होत राहिल्या.

अलार्मचंही तसंच. ‘म्यूट’ या अलार्म बंद करणाऱ्या सेटिंगची किंमत (व्हॅल्यू) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगमधून येते, म्हणजे ती मजकूरच असणार. ‘फॉल्स’ (नाही) हा शब्द रिकामा नाही, एवढ्यावरून लायब्ररीने त्याला ‘ट्रू’ (होय) मानलं आणि अलार्म गप्प केला.

तुमच्या सपोर्टचं उत्तर आलं: योग्य प्रकारची किंमत देणं ही प्रोग्रामरची जबाबदारी. हे मला मान्य नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वर्क_मेम ही मेमरीची सेटिंग कॉन्फिग फाइलमधून द्या की सेट कमांडने, तपासणी एकच. नुसतं ६५५३६ (किलोबाइट) दिलं तरी विचारल्यावर ६४ एमबी सांगतो, आणि चुकीची किंमत तिथल्या तिथे एरर देऊन परत पाठवतो. डेटाबेसला जे जमतं ते शेतकऱ्याचं दूध सांभाळणाऱ्या यंत्राला जमलंच पाहिजे.

स्क्रीन, फाइल, फंक्शन, कुठूनही किंमत आली तरी ती एकाच तपासणीतून जावी. न समजणारी किंमत आली तर जुनी तशीच राहावी आणि एरर त्याच क्षणी, सेटिंगच्या नावासह मिळावी. वाचताना आम्ही लिहिलेलं नको. यंत्र जे वापरतंय ते दिसलं पाहिजे. ही दुरुस्ती होईपर्यंत तुमच्या सगळ्या ग्राहकांना लेखी सूचना द्या, कारण मराठी कीबोर्ड फक्त आमच्याच गावात नाहीत.

नाकारलेल्या दुधाचे पैसे संस्थेने सभासदांना दिले आहेत. त्याची पावती आणि कंट्रोलरचा लॉग सोबत जोडला आहे. ती रक्कम भरून मिळावी आणि दुरुस्तीची तारीख १५ दिवसांत लेखी कळवावी.

आपला,
संगणक विभाग प्रमुख, दूध उत्पादक संस्था