तो महजर १६३२ चा नाही, १७३२ चा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या एका देशमुख घराण्याने आपण देवगिरीच्या यादवांचे थेट वंशज असल्याचे जाहीर केले. त्यांच्याच भाऊबंदांनी त्याला हरकत घेतली. दोन्ही बातम्या आपल्या अंकात वाचल्या. घराण्याचे नाव छापून आलेच आहे, ते इथे पुन्हा घेत नाही. बोलायचे आहे ते बातमीसोबतच्या महजराच्या, म्हणजे गोतसभेच्या लेखी निवाड्याच्या, छायाचित्राबद्दल. सगळा दावा त्या एका कागदावर उभा आहे, आणि त्याचे साल शंभर वर्षांनी चुकले आहे.

दाव्याची साखळी अशी : १६२९ मध्ये दौलताबादला निजामशाही दरबारात लखुजी जाधवराव मुलांसह मारले गेले, त्या धामधुमीत सिंदखेडची एक शाखा इकडे आली आणि १६३२ मध्ये तिला देशमुखी मिळाली. छायाचित्रात घडीवर कागद फाटला आहे. ‘शके’ या शब्दापुढचे आकडे आणि सालातला एक शब्द त्या भेगेत गेला आहे. उरले आहे ते ‘सन सलास सलासीन … अलफ’. जुन्या मराठी कागदांतले मृग नक्षत्रापासून सुरू होणारे सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहितात आणि एककापासून वर चढतात : सलास तीन, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार. भेगेची जागा दुर्लक्षून वाचले तर १०३३ होतात. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे, म्हणजे आषाढातल्या कागदाला १६३२. घराण्याने तेच केले. पण सलासीन आणि अलफ यांच्यामध्ये भेगेत एक शब्द मावेल एवढी जागा आहे, आणि तिथे ‘मया’ असेल तर सन ११३३, म्हणजे १७३२.

हा नुसता अंदाज नाही, कारण पहिल्या ओळीत संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचे, नाव शाबूत आहे : परिधावी. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी राहील तो प्रभवापासूनचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा क्षय संवत्सर. शिवराज्याभिषेकाचा शके १५९६ घेतला तर १६०८ होतात, बाकी ४८, आनंदनाम संवत्सर. तसा तो आहेच. आता शके १५५४, म्हणजे १६३२ : बाकी ६, अंगिरा. शके १६५४, म्हणजे १७३२ : बाकी ४६, परिधावी. परिधावी १६१२ मध्ये येतो, १६७२ मध्ये येतो, १७३२ मध्ये येतो. १६३२ मध्ये येत नाही. शिवाय १६३० ते ३२ च्या दुष्काळाने दख्खनचा मुलूख ओस पडला होता. अशा आषाढात पाटलांचे नांगर आणि शेट्यांचे तराजू अशा सहीच्या निशाण्यांसह भरलेले गोत, म्हणजे वतनदारांची सभा, बघून शंका यायला हवी होती.

म्हणजे कागद खोटा आहे असे नव्हे. छायाचित्रावरून तरी तो साताऱ्याच्या छत्रपती शाहूंच्या काळातला चांगला, अस्सल महजर वाटतो. पण त्यातून शाबीत होते ती १७३२ ची देशमुखी. १६२९ शी तिचा सांधा जुळत नाही. बरे, १६३२ जरी धरले तरी पुढे काय? देवगिरीचा शेवटचा यादव राजा हरपालदेव १३१८ च्या सुमारास मारला गेला. सिंदखेडचे जाधव यादवकुळातले, ही परंपरा जुनी आणि मानाची आहे, पण मधल्या अडीचशे-तीनशे वर्षांत बाप-मुलगा अशी सलग कडी जोडणारा, सर्वमान्य समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. छापलेल्या वंशावळीत हरपालदेवापासून आजवर १७ नावे आहेत. सातशे वर्षांना १७, म्हणजे पिढीला एकेचाळीस वर्षे! पंचवीस ते तीसचा हिशेब धरला तर २३ ते २८ नावे हवीत.

नावे का गळतात हेही माहीत असावे. नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची रीत. ‘मालोजी बिन संभाजी बिन मालोजी बिन संभाजी’ (बिन म्हणजे चा मुलगा) अशी ओळ उतरवताना नक्कलकाराची नजर एका मालोजीवरून दुसऱ्यावर जाते आणि दोन पिढ्या साफ होतात. तीर्थोपाध्यायांच्या वह्या जीर्ण झाल्या की पुन्हा लिहिल्या जात. म्हणून त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूरची वही दाखवली तर आधी विचारावे : नोंद यात्रेकरूच्या वेळची की नंतर उतरवलेली? इंग्रजी अमदानीत इनामे तपासणाऱ्या इनाम कमिशनपुढच्या कैफियतींचेही तेच. वतन वाचवण्यासाठी दिलेल्या वंशावळी पणजोबापर्यंत बहुधा पक्क्या असतात, त्याच्या वर हात सैल सुटतो.

भाऊबंदांची हरकत तरी कुठे भक्कम आहे? त्यांनी शहाण्णव कुळींची यादी पुढे केली आहे. अशा याद्या अनेक आहेत आणि एकमेकींशी जुळत नाहीत. डीएनए चाचणीची भाषा दोघेही करतात. यादव राजा रामदेवरावाच्या घराण्याचा नमुना कोणाकडे आहे, की ज्याच्याशी ताडून पाहणार?

खरे काम वेगळे आहे. महजरावरचे साक्षीदार एकेक करून त्याच परगण्याच्या इतर कागदांत शोधायचे. पुणे पुरालेखागारातल्या पेशवे दप्तरात परगणेवार रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, आहेत. पाच-सहा साक्षीदार १७३० च्या आगेमागे सापडले की वाद मिटतो. खालून वर यायचे तर कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, मग जमिनीच्या फेरफार नोंदी, मग वतनाची कागदपत्रे. वतन विकत घेता येत असे, दत्तकही होत, त्यामुळे देशमुखी सलग मिळाली तरी रक्त सलग आहे असे होत नाही. कुणबी नोंदींच्या शोधानंतर मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली आहे, ते चांगलेच. पण मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा धरबंध नसतो, त्यामुळे वंशाचा कागद दोन वाचकांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्यावा.

घराण्याला एक कळकळीची विनंती : भेगेवर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. उष्णतेने आणि डिंकाने कागद कायमचा जातो. घडी उलगडून, बाजूने तिरपा उजेड टाकून छायाचित्र घ्या. शाईचा उरलेला फराटा त्यात दिसू शकतो. मागची बाजूही घ्या, कारण कागदाचे दोन बंद (तुकडे) जिथे चिकटवतात त्या सांध्यावर शिक्का असतो आणि पाठीवर शेरे असतात. ‘मया’चा निकाल तिथेही लागू शकेल.

आपण महजराच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे मोठ्या आकारात छापावीत आणि बातमीतले १६३२ हे साल दुरुस्त करावे. चौकाला नाव देण्याच्या मागणीत तेच साल लिहिले गेले आहे, फलक रंगवला जाण्याआधी ते बदललेले बरे.

आपले,
मोडी कागद वाचणारे काही वाचक
सदाशिव पेठ, पुणे