मंत्रीसाहेब, आमच्या गावाजवळून कृष्णा वाहते की नाही?

मा. ग्रामविकास व पंचायत राज मंत्री, कर्नाटक सरकार, यांस
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या दारातल्या नळाला पाणी आलं, त्याबद्दल आधी आभार मानते. नारळ फोडला, पंचायतीच्या माणसानं मला नळाशेजारी उभं करून फोटो काढला. कृष्णेचं पाणी म्हणून पहिला तांब्या देवापुढं ठेवला. दुपारी त्याच पाण्यात तूरडाळ लावली, तर शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही दाणा न् दाणा वेगळा! तेव्हा कळलं. नळ नवा, पाइप नवी, पाणी त्याच जुन्या बोअरचं.

साहेब, मी बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यात रस्त्याकडेला खानावळ चालवते. हंगामात ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टरवाले, कारखान्यातली पोरं जेवायला असतात. जड पाण्याचा जाच बेंगळूरात बसून समजायचा नाही, म्हणून सांगते. सोडा टाकल्याशिवाय डाळ शिजत नाही, टाकला की चव जाते आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. गॅसची टाकी वेळेआधीच संपते. भांडी घासून हातांना भेगा पडल्या, पण फेस म्हणून येत नाही. ग्लास कितीही विसळा, सुकला की पांढरे ठिपके, बघणाऱ्याला वाटतं उष्टाच पुढं केला. बंबाच्या आत चुन्यासारखा थर बसतो, तो सळईनं खरवडते. गीझर घेतला, तर त्याची कॉइल वर्षभरात गेली. नवऱ्याला मुतखडा झाला, पण तो पाण्यानंच झाला असं मिरजेचे डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत, तेव्हा तेवढा आळ तुमच्यावर घेत नाही. बाकीचं पुरेसं आहे.

उपाय सांगायला सगळे पुढं. तुरटी फिरवा म्हणे. तुरटीनं गाळ बसतो, जडपणा जात नाही. उकळून निवळलं तर थोडा क्षार तळाला बसतो, उरलेला तसाच, आणि एवढ्या जेवणाचं पाणी उकळायला जळण कुणी द्यायचं? घरच्या आरओत तांब्याभर गोड पाण्यामागं दोन-तीन तांबे मोरीत जातात. पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरवाल्यानं यंत्राचा भाव सांगितला, वर मीठ घालत राहा म्हणाला. गावातलं नाणं टाकायचं शुद्ध पाण्याचं यंत्र आहेच. ते नाणं तेवढं बिनचूक घेतं.

पंचायतीत तक्रार घेऊन गेले तर पाणी तपासणीचा कन्नडमधला एक कागद पुढं केला. लेकानं वाचून दाखवला: कठीणता, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला ५८० मिलिग्रॅम. "६०० पर्यंत चालतं, पाणी पास आहे." पास! माझी डाळ नापास आणि तुमचं पाणी पास. लेकानं तिथंच मोबाइलवर पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०५०० काढलं. त्यात मर्यादा २०० ची आहे. ६०० ची सवलत दुसरा स्रोत नसेल तरच. आणि आमच्या गावापासून कृष्णा फार तर चार किलोमीटर! २०१९ च्या महापुरात तीच नदी न बोलावता आमच्या उंबऱ्याशी आली होती, तेव्हा कुठली योजना लागली नव्हती.

त्याच साली लाल किल्ल्यावरून सांगितलं, २०२४ पर्यंत घरोघरी नळाचं पाणी. आता २०२८ म्हणतात. उन्हाळ्यात कृष्णा आटली की कोयनेचं पाणी सोडा म्हणून मुंबईला पत्रं धाडता. अलमट्टी धरणाची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायला तुमच्याकडं हजारो कोटी आहेत, चार किलोमीटर पाइपला नाहीत. डिसेंबरात बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तिथं तुमच्या पुढ्यात बाटलीतलं पाणी. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. तिकडचे पुढारी आमच्यासाठी गळा काढतात, इकडचे आमच्यावर डोळे वटारतात, आणि दोघांच्याही भाषणात आमचा घसा कोरडाच. आमच्यातले कन्नड शेजारीही हेच पाणी पितात. बोअर कुणाची जात-भाषा विचारत नाही, तुम्हीच विचारता.

मागणी एकच आहे. नदीची लाइन या नळाला जोडा. ते जमत नसेल, तर "या गावाजवळ दुसरा कुठलाही स्रोत नाही" असं सहीशिक्क्यानिशी लिहून द्या. मराठीत दिलंत तर बरं, कन्नडमध्ये दिलंत तरी चालेल, लेक वाचून दाखवेल. खानावळीच्या भिंतीवर लावीन म्हणते, जेवायला बसणारा डाळीबद्दल विचारतोच.

आपली,
अथणी तालुक्यातली एक खानावळवाली