मनोंग, माझे पाय हलवल्याबद्दल थँक्यू

प्रिय मनोंग,

मराठीत लिहितेय म्हणजे तुम्हाला हे वाचता येणार नाही, माहितीये. कॉलवर तुमच्या नातीला इंग्लिशमध्ये सांगीन, ती तुम्हाला तुमच्या बिसाया भाषेत सांगेल आणि तुम्ही अर्ध्यातच हात झटकून "काओन ता", चला जेवूया, म्हणत उठाल. पण इंग्लिशमध्ये माझं आभार मानणं थँक्यू सो मचच्या पुढे जातच नाही, म्हणून मराठीच.

बाकीचे वाचणारे, तुमच्यासाठी थोडक्यात. मी कोल्हापूरची, मेडिकलला फिलिपिन्समध्ये सेबूत. मनोंग म्हणजे तिकडे मोठ्या माणसाला मारायची आदराची हाक, हे माझे एस्क्रिमाचे गुरुजी. एस्क्रिमा, आर्निस, काली ही एकाच घरातली नावं, काठी आणि पात्याची फिलिपिनो विद्या, २००९ साली तिकडे कायदा करून आर्निसला राष्ट्रीय खेळ केलं. आणि सेबू म्हणजे तर पंढरीच, डोसे पारेस आणि बालिंतावाक ही या विद्येची दोन मोठी घराणी, पहिलं १९३२ ला तिथलंच, दुसरं १९५२ ला तिथलंच.

तर मी आधी एका क्लासला जायचे (नाव नको), सहा महिने तिथे नुसते हात. सिनावाली म्हणजे दोन काठ्यांची ती विणल्यासारखी ठोकाठोकी, ती मला डोळे मिटून यायची, रील्स पण भारी व्हायचे. पाय मात्र खिळे ठोकल्यासारखे एका जागी. स्पारिंगला समोरचा पुढे आला की मी सरळ मागे, तो अजून पुढे, मी अजून सरळ मागे, की भिंत. दर वेळी तेच. सर म्हणायचे फुटवर्क सुधार. अहो पण कसं!

मग तुमचं ते गाडी लावायचं शेड, जिथे गाडी कधीच नव्हती. पहिल्याच दिवशी तुम्ही मला "डाय" अशी हाक मारलीत आणि मला वाटलं आजोबा मर म्हणतायत, नंतर कळलं की इंदायचं ते लाडाचं छोटं रूप, मुलींना म्हणतात. तुम्ही माझी काठी काढून घेतलीत, खडूने जमिनीवर त्रिकोण काढलात आणि टोकावर उभं केलंत. मार आला की मागे पळायचं नाही, तिरकं पुढे जायचं, डावीकडच्या नाहीतर उजवीकडच्या कोपऱ्यावर. म्हणजे मार जिथे येणार तिथे आपण नाहीच आणि आपला हात मात्र त्याच्यापर्यंत पोचतो. तीन आठवडे एवढंच. खडूवर मला फुल मार्क.

आणि मग तुम्ही समोर उभे राहिलात, नुसता एक गुंडाळलेला पेपर घेऊन, आणि मी परत सरळ मागे!

तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, बादली आणलीत आणि त्रिकोण धुऊन टाकलात. तो ओला सिमेंटचा वास अजून आठवतो. म्हणालात, "त्रिकोण जमिनीवर नव्हताच, तो माझ्या पायापाशी आहे, मी सरकलो की तो पण फिरतो." मनोंग, हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं हो! मी कोपरे पाठ केले होते आणि समोरच्या माणसाकडे बघतच नव्हते.

त्यानंतरचा ड्रिल म्हणजे छळ होता. माझे हात पाठीमागे, काठी त्यात आडवी धरलेली, तुम्ही पेपरने मारणार, कधी लगेच, कधी दहा सेकंद नुसतं बघत राहून. अडवायला हातच नाहीत, मग जाणार कुठे, पायच हलवावे लागतात. वर तुमचं चालूच, "हिनाय-हिनाय", हळू हळू. मी तिरकी जायचे खरी पण मागचा पाय तिथेच ठेवून, कंबर अजून जुन्याच दिशेला, आणि तुम्ही विचारायचात तो पाय जेवायला थांबलाय का. मागचा पाय ओढून आणला, कंबर तुमच्याकडे वळवली की सगळं बदलायचं, मी तुमच्याकडे तोंड करून आणि तुम्ही मात्र अजून रिकाम्या जागेकडे.

काठी परत दिलीत तीही काठी नव्हे, लाकडी बोलो, म्हणजे तिकडचा कोयता. उजव्या हाताने वरून खाली डावीकडे वार आणि डावा पाय पुढे राहिला, की बोलो माझ्याच गुडघ्यावर. काठीने हे कळतच नाही, पात्याचा विचार केला की घाम फुटतो. वीस वारांत अकरा वेळा मी माझाच गुडघा कापला आणि तुम्ही प्रत्येक वेळी मोठ्याने मोजलंत, शेजारच्या काकू पण मोजायला लागल्या. हळूहळू कळलं की पाय नुसते पळायला नाहीत, वार कुठून जाणार ते पाय आधी ठरवतात, हात नंतर.

एकदा मी सांगितलं होतं ना, आमच्याकडे मर्दानी खेळात या पाय टाकण्याला पवित्रा म्हणतात. आमच्या बातम्यांमध्ये रोज कुणीतरी आक्रमक पवित्रा घेतो, पाय कुठे असतात देव जाणे. तुम्ही तो शब्द तीनदा म्हणून बघितलात, "पबित्रा", आणि हसलात.

आता सुट्टीला घरी आलेय. गच्चीवर खडूने त्रिकोण काढला तर आईने विचारलं ही कसली रांगोळी, मग मीच पाणी ओतून पुसला आणि लहान भावाला पेपर गुंडाळून दिला. तो फार जोरात मारतो, तुमच्यासारखा थांबत नाही, पण दहातले सात तरी चुकवते.

दाघांग सालामात, खूप खूप आभार, मनोंग. माझ्या चपला तुमच्या शेडमध्येच राहिल्यात, टाकू नका. आल्यावर बोलोचे वीस वार परत करू, काकूंना पण मोजायला बोलवा.

तुमची डाय