पेरणी झाल्यावर धोरण बदलू नका

मा. संपादक,
स. न.

कालचा अग्रलेख दोनदा वाचला. विकसनशील देशांनी आयात शुल्क उतरवले की वाढ होते, व्हिएतनामने ते करून दाखवले, आपला तेलबिया पिकवणारा शेतकरी मात्र संरक्षणाच्या सवयीने आळसावला आहे, असे आपण लिहिले आहे. शेवटी त्याला ‘स्पर्धात्मक’ होण्याचा सल्लाही दिला आहे. आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, हे वाचून मला राग आला आणि आज सकाळीही तो उतरलेला नाही.

मी एका सॉल्व्हंट प्लांटच्या, म्हणजे सोयाबीनमधून तेल काढणाऱ्या कारखान्याच्या, प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालो. आमची वडिलोपार्जित शेती इंदूरजवळ देपालपूरकडे आहे, ती धाकटा भाऊ पाहतो. म्हणजे सोयाबीन मी शेतातही पाहिले आहे आणि दाण्यातले तेल मोजणाऱ्या सॉक्सलेटच्या नळीतही. शुल्क कमी असावे की जास्त, हा माझा वादच नाही. माझा वाद तारखांचा आहे.

१४ सप्टेंबर २०२४ रोजी कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झाले. मंडीत भाव हमीभावाच्या, म्हणजे ४८९२ रुपयांच्या, खाली होते आणि माळव्यात शेतकरी रस्त्यावर उतरले होते, म्हणून ते झाले. ठीक. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस तेच शुल्क १६.५ टक्क्यांवर आले. मेच्या अखेरीस! आमच्याकडे तेव्हा शेत नांगरून तयार असते, बियाणे घरात येऊन पडलेले असते आणि लोक पावसाची वाट पाहत असतात. त्याच सुमारास सरकारने सोयाबीनचा हमीभाव वाढवून ५३२८ रुपये केला. एका हाताने भाव वाढवून सांगायचा आणि दुसऱ्या हाताने तो भाव मिळू न देणारे तेल आत घ्यायचे, यात शेतकऱ्याने नेमकी कोणती स्पर्धा करायची?

२०२१ साल आपल्या दैनिकाच्या अंकांत काढून पाहा. आदल्या वर्षीचे पीक काढणीच्या पावसात भिजले होते. भावाने नेहमीप्रमाणे घरच्या बियाण्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. उलगडले तेव्हा निम्मेही धड उगवले नव्हते. दाण्याची साल सुटलेली, बोटाने दाबला की पीठ. सगळ्या गावाची तीच गत. मग बाजारातून बियाणे घ्यावे लागले, दहा हजार रुपये क्विंटलने. मंडीत सोयाबीनही तेव्हा चढत होते आणि ऑगस्टमध्ये तेही दहा हजारांना टेकले. भावाने हिशेब केला की बियाणे महाग पडले तरी पीक ते फेडेल. हा हिशेब कोणताही कारखानदार करतो आणि त्याला आपण उद्योजकता म्हणतो.

पीक फुलोऱ्यातून शेंगेवर येत असताना, त्याच ऑगस्टमध्ये, केंद्राने १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. कोंबड्यांचे खाद्य महागले होते, पोल्ट्रीवाल्यांची अडचण खरी होती, ते मी नाकारत नाही. पण आमच्या शेतकऱ्याला जनुकीय सुधारित सोयाबीन पेरायला कायद्याने बंदी आहे. त्याने जे बियाणे लावले तर गुन्हा, त्याच बियाण्याची पेंड त्याच्याच पिकाचा भाव पाडायला बोटीतून येते. ऑक्टोबरात आमचा माल मंडीत गेला तेव्हा भाव पाच हजारांच्या घरात होता. व्यापाऱ्याने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर दाणे काढले, एक दाताखाली फोडला आणि ‘नमी आहे’, म्हणजे ओल आहे, म्हणून आणखी कमी बोली लावली. भाऊ तिथून मला फोन करून विचारत होता, ‘दादा, विकू की परत नेऊ?’ मी काय सांगणार? ट्रॉलीचे भाडे चढत होते आणि अडत्याकडून घेतलेली उचल डोक्यावर होती. विकले.

काहींनी माल घरात ठेवला, वायद्यात, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या सौद्यांत, भाव दिसतोय म्हणून. २० डिसेंबरला बाजार नियामक सेबीने सोयाबीन आणि सोयातेलाचे वायदेच बंद केले. वर्षभरासाठी म्हणाले, मग मुदत वाढतच गेली. पुढे भाव काय असेल याचा अंदाज घेण्याची एक जागा होती, तीही गेली. अग्रलेखात आपण ‘बाजाराचे संकेत’ ऐकायला सांगितले आहे. संकेत देणारी घंटाच काढून नेल्यावर शेतकऱ्याने ऐकायचे काय?

आता व्हिएतनाम. १९८६ ची ‘दोई मोई’, म्हणजे तिथली आर्थिक सुधारणा, आपण उल्लेखिलीत, पण अर्धीच. तिथे शेतीत मोठा फरक पडला तो १९८८ नंतर, सामूहिक शेती मोडून जमीन कुटुंबांच्या हाती दिली तेव्हा. आधी तांदूळ आयात करणारा तो देश १९८९ मध्ये मोठा निर्यातदार झाला. १९९३ च्या जमीन कायद्याने वार्षिक पिकांच्या जमिनीचा वापरहक्क २० वर्षांसाठी दिला. वीस वर्षे! त्या शेतकऱ्याला ठाऊक होते की हा तुकडा इतकी वर्षे माझा आहे. आणि तांदूळ निर्यातीवरचा कोटा त्यांनी २००१ पर्यंत ठेवला होता, सगळी दारे एका दिवसात उघडली नव्हती. व्हिएतनामकडून शिकायचेच असेल तर धीर शिकावा.

आपल्याकडेही १९८६ मध्येच तेलबियांचे तंत्रज्ञान मिशन सुरू झाले होते. बियाणे, खरेदी, भावाचा पट्टा, आयातीवर ताबा, सगळे एका दिशेने चालले. तेव्हाचे सुमारे १.१ कोटी टनांचे उत्पादन नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात दोन कोटींच्या वर गेले आणि आयात नगण्य उरली. माळव्यातली काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात पडीक ठेवत, तिथे सोयाबीन उभे राहिले. देवास, इंदूर, उज्जैनच्या प्लांटांना माल पुरला, माझ्यासारख्यांना नोकऱ्या मिळाल्या. हे करणारे याच आळशी शेतकऱ्यांचे वडील होते. मग १९९४ मध्ये पामोलीनची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली झाली आणि १९९८ पर्यंत शुल्क १५ टक्क्यांवर आले. आज आपण निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. जागतिक व्यापार संघटनेत आपण सोयातेलाला ४५ टक्क्यांची कमाल मर्यादा मान्य करून बसलो आहोत, पामतेलाला मात्र ३०० टक्क्यांची.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट अग्रलेखात यायला हवी होती. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघते साधारण अठरा किलो. बाकी बहुतेक डीओसी, म्हणजे पेंड. प्लांटचा खरा जीव त्या पेंडीत आहे. आपली पेंड जनुकीय बदल नसलेली म्हणून बाहेर तिला गिऱ्हाईक होते, इराण मोठा ग्राहक होता. आता मक्यापासून इथेनॉल काढायचे धोरण आले. त्यातून उरणारा चोथा, डीडीजीएस, पोल्ट्रीला स्वस्तात मिळतो आणि सोयापेंडीचा भाव दबतो. पेंड उठत नाही, म्हणून प्लांट भाव वाढवत नाही. इथेनॉलवाल्यांनी गुन्हा केला असे मी म्हणत नाही. पण एका खात्याने सोयाबीन वाढवा म्हणायचे आणि दुसऱ्या खात्याने त्याची जागा घेणाऱ्या चोथ्याला मदत द्यायची, याचा एकत्र हिशेब दिल्लीत कोणी मांडतो का? यंदा आमच्या शेजाऱ्याने सोयाबीन सोडून मका पेरला. संकेत त्याने बरोबर ऐकला.

आणि इतर देश? अर्जेंटिना आपल्या सोयाबीनच्या निर्यातीवर कर लावतो. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांना डॉलरची निकड होती म्हणून त्यांनी तो काही दिवसांसाठी शून्य केला. सात अब्ज डॉलरची मर्यादा ठेवली होती, ती तीन दिवसांत भरली. त्यात आपल्या आयातदारांनीही तेल घेतले. तेव्हा माळव्यात काढणी सुरू होत होती. इंडोनेशिया कच्च्या पामतेलावर जास्त निर्यात कर लावतो आणि शुद्ध केलेल्यावर कमी, म्हणजे कारखाने त्यांच्याकडे राहावेत. २०२२ मध्ये त्यांनी एप्रिलअखेर ते मे असे जवळजवळ महिनाभर पामतेलाची निर्यातच थांबवली होती. हे सगळे विकसनशील देश. प्रत्येक जण आपले घर पाहतो.

आपल्या सरकारने पाहिलेच नाही, असेही नाही. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलाचे शुल्क उतरवताना शुद्ध तेलाचे ३५.७५ टक्क्यांवरच ठेवले. मधल्या सव्वाएकोणीस टक्क्यांच्या फरकामुळे इथल्या रिफायनऱ्यांना आधार मिळाला. चांगले केले. रिफायनरीला असे संरक्षण मिळते तेव्हा आपण त्याला धोरण म्हणता आणि शेतकऱ्याने तेच मागितले की तो आळशी ठरतो. नेपाळमार्गे शून्य शुल्काने येणाऱ्या सोयातेलावर तर आपण एक ओळही लिहिली नाही. नेपाळ कच्चे तेल बाहेरून आणतो, तिथे शुद्ध करतो आणि आपल्याला विकतो. त्यांच्या निर्यातीत सोयातेल पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले आहे.

भावांतर योजनेबद्दल थोडेच लिहितो. हमीभाव आणि मॉडेल रेट, म्हणजे मंडीतला सरासरी भाव, यांतला फरक सरकार शेतकऱ्याच्या खात्यात टाकते. २०२५ च्या हंगामात मंडीत भाव चार हजारांच्या आसपास होता, म्हणजे क्विंटलमागे तेराशेच्या घरात सरकारने भरायचे. पैसे मिळाले ते बरे झाले, माझ्या भावाने त्यातून खताची उधारी भागवली. पण व्यापाऱ्यालाही ठाऊक असते की उरलेले सरकार देणार आहे, मग तो बोली कशाला वाढवील?

माझी मागणी एवढीच आहे. तेलाचे शुल्क काय राहणार ते दरवर्षी एप्रिलमध्ये जाहीर करा आणि काढणीचा माल विकून होईपर्यंत, म्हणजे जानेवारीपर्यंत, त्याला हात लावू नका. कमी ठेवायचे तर कमी ठेवा, पण आधी सांगा. शेतकरी सोयाबीन पेरील किंवा मका पेरील, तो त्याचा निर्णय.

जाता जाता आणखी एक. आपल्या दैनिकात पूर्वी शेवटच्या पानाच्या आत मंडी भाव यायचे: सोयाबीन, डॉलर चणा, गहू आणि प्लांटचे भावही. गेले काही महिने तो रकाना बंद आहे आणि त्या जागी शेअर बाजाराचा आलेख येतो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर आपला अंक आधी तिथून उघडला. मी कार्यालयात फोन केला तेव्हा ‘आता सगळे मोबाइलवर बघतात’ असे उत्तर मिळाले. भाऊ मोबाइलवर बघतो खरे, पण त्यावर दिसणारा भाव आणि प्लांटचा त्या दिवसाचा भाव यांत कधी कधी शंभर-दोनशेचा फरक असतो. तो रकाना पुन्हा सुरू करावा आणि त्यात प्लांटचे भाव वेगळे द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक
रामबाग, इंदूर