झायनला निघायच्या आधी वाच

मनू,

काल रागाने फोन ठेवलास. तिकडे अमेरिकेतल्या झायन पार्कात नदीतून चालायला जाऊ नको असं मी म्हणाले नव्हते गं, पाऊस बघून जा एवढंच म्हणाले, पण आवाज चढला माझा हे खरं. बाबा म्हणाले 28 वर्षांची आहे ती, किती सांगशील. म्हणून आज त्या नदीचं काही लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

रात्री आम्ही दोघं झायनमधल्या त्या अरुंद दरीचे, नॅरोजचे व्हिडिओ बघत होतो. काय ते कातळ, हजार फूट सरळ वर, आणि खाली कुठे कुठे वीसेक फुटांची फट, त्यातून व्हर्जिन नदी, तिच्याच पात्रातून काठी टेकत चालायचं. बाबा म्हणाले आपल्या सांदण दरीसारखं. म्हटलं, सांदणमध्ये पावसाळ्यात उतरतं का कुणी? तिकडे ऑगस्टमध्येच पावसाचे दिवस, त्यालाही मान्सूनच म्हणतात. पाऊस पडतो वर कुठेतरी लांब, कातळात मुरत नाही, सगळं पाणी त्या फटीत येतं आणि तुझ्या डोक्यावर मात्र ऊन. 2015 च्या सप्टेंबरमध्ये झायनमध्येच, कीहोल कॅन्यन नावाच्या दुसऱ्या दरीत, अशाच पुरात 7 जण गेले. बघ, लिहिलंच शेवटी.

आत्याकडचा ओढा आठवतो? तू सहा वर्षांची, लख्ख ऊन. आधी काटक्या, पालापाचोळा वाहत आला, मग पाणी गढूळ झालं, नानांनी तुला दंडाला धरून वर ओढलं आणि तुझी निळी चप्पल गेली. दिवसभर चपलेसाठी रडलीस. दुसरी अजून माळ्यावर आहे, टाकवत नाही मला.

पार्कच्या साइटवर त्या दिवशी पुराचा धोका किती ते देतात, सकाळी बघ. पाणी गढूळ झालं की सामान टाकून वर चढायचं, फोटो काढत थांबायचं नाही. नदीचं पाणी गाळूनसुद्धा पिऊ नकोस, विषारी शेवाळ आहे म्हणे. परत लेक्चर झालं, सॉरी. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहितीये, एकटीने तंबू ठोकून राहतेस तू, तो आर्चेस पार्कातला फोटो मी अख्ख्या सोसायटीला दाखवलाय.

आत रेंज नसते ना? शटलने खाली आलीस, रेंज आली की फक्त "आले" टाक. तिकडचे संध्याकाळचे पाच म्हणजे इथे पहाटेचे साडेचार, मी जागीच असेन.

आई